‘नाहीतर’चा रकाना: बाराटारिया खोऱ्यातला गाळ, त्याची मोजमापं आणि एक मोडीत निघालेला प्रकल्प

१७ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने मिड-बाराटारिया गाळ-वळवण प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला. भूमिपूजनाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. खर्चाचा अंदाज तीन अब्ज डॉलरच्या पुढे सरकला होता आणि त्यातले पन्नास कोटींहून जास्त डॉलर खर्चही झाले होते. मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावरचा पूरबांध फोडून तिथे दरवाजे बसवायचे, नदीला पूर आला की सेकंदाला ७५ हजार घनफूट, म्हणजे ७५ हजार क्युसेकपर्यंत गढूळ पाणी पलीकडच्या बुडत चाललेल्या दलदलीत सोडायचं आणि उरलेलं काम गाळावर सोपवायचं, अशी ही योजना होती. एवढ्या खटाटोपातून २०७० साली हाती काय लागणार, याचं उत्तर पर्यावरणीय आघात अहवालात होतं: सुमारे ५४ चौरस किलोमीटर जमीन.

हे प्रकरण राजकारण म्हणून वाचता येतं, पैशाचं म्हणूनही वाचता येतं. पण मला राहून राहून त्या ५४च्या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. समर्थकांनी तो मिरवला, विरोधकांनी त्याला भागून ‘एकरी इतके डॉलर’ काढले आणि नाकं मुरडली. दोघांनीही तो ‘तयार होणारी जमीन’ असाच वाचला. वास्तविक ती एक वजाबाकी होती. प्रकल्प झाला तर २०७० मध्ये जितकी जमीन असेल, त्यातून प्रकल्प झाला नाही तर जितकी असेल ती वजा केलेली. या वजाबाकीतली दुसरी संख्या, ‘नाहीतर’च्या रकान्यातली, कुणीच नीट पाहिली नाही. ती कशी काढतात, तिच्यामागे किती मोजमाप उभं आहे आणि तरीही ती लोकांपर्यंत का पोचत नाही, हे बाराटारियाच्या निमित्ताने पाहण्यासारखं आहे.

दोन्ही नळ बंद

शाळेत आपण ‘त्रिभुज प्रदेश’ शिकलो, पण मिसिसिपीच्या मुखाशी त्रिकोण शोधू गेलात तर सापडणार नाही. नकाशावर तिचं मुख पक्ष्याच्या पंजासारखं दिसतं, आणि तो पंजाही ताजा आहे. गेल्या साधारण सात हजार वर्षांत या नदीने अनेकदा कूस बदलली. हजार-दीड हजार वर्षं एका दिशेला गाळ टाकत राहायचं, वाट फार लांबली की जवळची उताराची वाट धरायची, आणि मागे सोडलेला गाळाचा पंखा हळूहळू खचू द्यायचा, असा तिचा शिरस्ता. एकीकडे जमीन वाढायची, दुसरीकडे बुडायची, आणि हिशोब जमेच्या बाजूला राहायचा.

बाराटारिया खोरं अशा दोन वाटांच्या मधे आहे. पूर्वेला आजची मिसिसिपी, पश्चिमेला बायू लाफूर्श, जी काही शतकांपूर्वी नदीची मुख्य धार होती. पुराच्या दिवसांत दोन्ही बाजूंनी काठ ओलांडून पाणी आत यायचं आणि पातळसा गाळ पसरवून जायचं. १९०४ मध्ये डोनाल्डसनव्हिल गावाजवळ बायू लाफूर्शचं तोंड बांध घालून बंद केलं गेलं. १९२७च्या महापुरानंतर पुढच्याच वर्षी संघीय पूरनियंत्रण कायदा झाला आणि मिसिसिपीचे बांध असे पक्के झाले की नदी काठ ओलांडणं विसरूनच गेली. खोऱ्याचे दोन्ही नळ बंद.

त्यात वरून येणारा गाळही आटला. विसाव्या शतकाच्या आधी नदी वर्षाला सुमारे ४० कोटी टन गाळ समुद्राकडे नेत असे, आता तो साडेचौदा कोटी टनांच्या आसपास आहे. मिझूरी नदीवरच्या मोठ्या धरणांचा यात मोठा वाटा. शिवाय तेल आणि वायूच्या विहिरींपर्यंत पोचायला किनाऱ्याच्या दलदलीत हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खणले गेले, त्यातून खारं पाणी आतपर्यंत शिरलं आणि काठावर टाकलेल्या मातीच्या ढिगांनी पाण्याची नैसर्गिक ये-जा तोडली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या हिशोबाने १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्याने सुमारे ४,८३३ चौरस किलोमीटर जमीन गमावली, म्हणजे १९३२ साली होती त्याच्या जवळजवळ पाव हिस्सा. एकट्या बाराटारियाचा वाटा अकराशे चौरस किलोमीटरच्या वर. त्या अकराशेपुढे ५४ म्हणजे दर्या में खसखस, असं कुणालाही वाटेल. थोडं थांबा.

सळी आणि पांढरी माती

या किनाऱ्यावर सुमारे ३९० ठिकाणी एक मोजणी-व्यवस्था उभी आहे. तिचं नाव लांबलचक आहे, मराठीत सांगायचं तर ‘किनारपट्टीव्यापी संदर्भ निरीक्षण व्यवस्था’. तिथले लोक तिला आद्याक्षरांवरून ‘क्रिम्स’ म्हणतात. २००३ साली मंजूर झालेली ही व्यवस्था भूगर्भ सर्वेक्षण विभाग आणि राज्याचं किनारा प्राधिकरण मिळून चालवतात. मला तिचं अप्रूप आहे ते तिच्या साधेपणामुळे.

प्रत्येक ठिकाणी स्टेनलेस स्टीलची सळी जमिनीत ठोकत नेतात. एक तुकडा गेला की त्याला दुसरा जोडायचा, ती पुढे जायला नकार देईपर्यंत. मऊ चिखलात ती वीस-पंचवीस मीटर सहज जाते. वरच्या टोकाला गरजेपुरता एक आडवा हात बसवतात आणि त्यातून नऊ काड्या अलगद खाली सोडतात, चिखलाला टेकतील इतपतच. प्रत्येक काडी वर किती उरली ते मिलिमीटरमध्ये लिहायचं. सहा महिन्यांनी परत यायचं, तोच हात, त्याच दिशा, त्याच नऊ काड्या. चिखलावर पाऊल पडलं तर मोजणीच बिघडेल म्हणून सगळं काम लाकडी फळ्यांवर उभं राहून. यातून कळतं की पृष्ठभाग सळीच्या तळाच्या तुलनेत वर आला की खाली गेला.

शेजारीच चिखलावर फेल्डस्पारच्या पांढऱ्या भुकटीचा थर पसरून ठेवलेला असतो. पुढच्या भेटीत तिथे तांब्याची नळी खुपसून आत द्रवरूप नायट्रोजन सोडतात. नळीभोवतीचा चिखल गोठतो, कुल्फीसारखा उपसून बाहेर येतो आणि त्यात पांढरी रेघ स्पष्ट दिसते. रेघेच्या वर जेवढी माती, तेवढा मधल्या काळात साचलेला गाळ.

आता दोन्ही आकडे एकत्र ठेवा. समजा पांढऱ्या रेघेवर वर्षाला दहा मिलिमीटर गाळ साचला, पण काड्या सांगतात की पृष्ठभाग चारच मिलिमीटर वर आला. मधले सहा गेले कुठे? खालचा चिखल स्वतःच्या वजनाने दबला, त्यातलं पाणी निघून गेलं, मुळं कुजली. सळीच्या तळाच्या वरच्या भागातली ही खचण, आणि ती मोजायला एक सळी आणि मूठभर भुकटी पुरते.

हे तपशिलात सांगतोय कारण इथेच एक मोठी समजूत बदलली. २०१७ मध्ये तुलेन विद्यापीठातल्या टॉर्बयॉर्न टॉर्नक्विस्ट यांच्या गटाने या व्यवस्थेतल्या २७४ ठिकाणांच्या नोंदी एकत्र केल्या. समुद्र वर येणं आणि जमीन खाली जाणं मिळून सापेक्ष पातळीवाढ वर्षाला सरासरी १२ मिलिमीटर निघाली, जगातल्या सर्वांत वेगवान दरांपैकी एक. आणि त्यातला किमान साठ टक्के भाग वरच्या पाच ते दहा मीटरांतल्या खचण्याचा होता. तोवर बहुतेक अंदाज भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्रांवर टेकलेले होते. या यंत्रांचा पाया सरासरी वीसेक मीटर खोल असतो. म्हणजे सर्वांत जास्त खचणारा थर त्यांच्या पायाच्या वर राहतो आणि त्यांना तो दिसतच नाही. घर खचतंय का हे पाहायला खांबाच्या तळाशी फूटपट्टी लावावी, तसलाच प्रकार.

त्याच अभ्यासात एक दिलासाही होता. मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशातली ६५ टक्के ठिकाणं गाळ साचण्याच्या वेगाने या वाढीशी बरोबरी करू शकतील असं दिसत होतं. पश्चिमेकडच्या शेनियर मैदानात मात्र ५८ टक्के ठिकाणं मागे पडत होती. हा दिलासा मी जपून वापरेन. निरीक्षणाची ठिकाणं उभी असतात ती अजून शिल्लक असलेल्या दलदलीत. जी बुडाली तिथे काड्या टेकवायला काही उरत नाही. शिवाय याच गटाने २०२० मध्ये जुन्या थरांचे शेकडो नमुने तपासून हजारो वर्षांचा ताळेबंद मांडला, तेव्हा चित्र गडद झालं: सापेक्ष पातळीवाढ वर्षाला सहा ते नऊ मिलिमीटर झाली की इथली दलदल साधारण पन्नास वर्षांत उघडं पाणी होते. दहा वर्षांच्या काड्या एक सांगतात, हजारो वर्षांचा चिखल दुसरं. मला यात विरोध दिसत नाही. दलदल बराच काळ तग धरून असते आणि मग एकदम हात टेकते.

‘नाहीतर’चा रकाना या सगळ्यातून भरतो. खचण्याचा दर थोडा जास्त धरला की प्रकल्पाविनाचं २०७० आणखी पाणथळ होतं, कमी धरला की हिरवं राहतं. वजाबाकीचं उत्तर निम्मं इथेच ठरतं.

पाण्याबरोबर वाळू कशी येते

वजाबाकीतली पहिली संख्या, म्हणजे प्रकल्पासह जितकी जमीन असेल ती, काढायला नदीकडे पाहावं लागतं. नदीतून पाणी काढणं सोपं आहे. वाळू काढणं कठीण. वाळू तळाशी वाहते आणि पूर जोरात असला तरच वर उचलली जाते. त्यामुळे दरवाजे कुठे बसवायचे याचा शोध वर्षानुवर्षं चालला. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचे ढीग साचतात. बेल शास शहराच्या खाली, आयर्नटन गावाजवळची जागा निवडली गेली ती अशाच एका वाळूपट्ट्याच्या शेजारची, तोंड खोल ठेवता येईल अशी. नदीच्या एका घनफूट पाण्यात जेवढा गाळ असतो, निदान तेवढा तरी बाहेर वळवलेल्या घनफुटात आला पाहिजे, ही कसोटी. नाहीतर मागे उरलेली नदी दुबळी होऊन पुढे पात्रातच गाळ टाकते आणि जहाजांची वाट अडते.

कधी उघडायचे याचंही गणित होतं. नदीचा प्रवाह साडेचार लाख क्युसेकच्या वर गेला की दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडायचे. त्याखाली मात्र पाच हजार क्युसेकपर्यंतचा प्रवाह चालू ठेवायचा, नव्याने रुजलेली गोड्या पाण्यातली वनस्पती मधल्या महिन्यांत खारावून मरू नये म्हणून. ही बारीक धार लक्षात ठेवा, पुढे भांडण तिच्यावरूनही झालं.

मॉडेल एक नव्हतं. राज्याच्या पन्नास वर्षांच्या आराखड्यासाठी एक ढोबळ मॉडेल आहे. ते सगळा किनारा कप्प्या-कप्प्यांत वाटतं, प्रत्येक कप्प्यात पाणी, खारटपणा, गाळ यांचा हिशोब ठेवतं आणि मग जमीन व वनस्पती वर्षागणिक बदलत नेतं. शेकडो प्रकल्पांची चाळणी करायला असंच मॉडेल हवं. ते बारकाव्यात शिरत नाही, पण झटपट चालतं. २०२३च्या आराखड्याने त्यावर पन्नास अब्ज डॉलरच्या कामांची निवड उभी केली. बाराटारियासाठी मात्र ‘डेल्फ्ट-थ्रीडी’ या डच मॉडेल-संचात खोऱ्याचं जाळं विणलं गेलं, ज्यात पाणी उताराने वाहतं, गाळ बसतो, बसलेला गाळ पाण्याची वाट बदलतो आणि बदललेल्या वाटेने पुढचा गाळ दुसरीकडे जातो. पन्नास वर्षं असं पाऊल-पाऊल चालवायचं तर संगणकही थकतो. म्हणून अशा मॉडेलांत जमिनीतला बदल ठरावीक पटीने वेगवान करून घेण्याची युक्ती असते. युक्ती चांगली आहे, पण ती वापरली हे विसरलं की पंचाईत.

बॅटन रूजला विद्यापीठाच्या केंद्रात नदीची खरीखुरी प्रतिकृतीही आहे, टेनिसच्या मैदानापेक्षा मोठी. आडवं प्रमाण सहा हजारात एक, उभं चारशेत एक, वाळूच्या जागी प्लॅस्टिकचे बारीक कण आणि नदीचं एक वर्ष साधारण तासाभरात. लोकांना नेऊन दाखवायला याच्याइतकं प्रभावी काही नाही. पण ती वाळूपुरती खरी आहे, चिकणमातीबद्दल आणि दलदलीतल्या मुळांबद्दल तिला काही सांगता येत नाही.

तर या सगळ्यातून निघालेलं उत्तर असं होतं: २०५० च्या सुमारास प्रकल्पामुळे सुमारे ७० चौरस किलोमीटरचा फरक पडेल आणि तिथून तो कमी होत २०७० मध्ये ५४ वर येईल. चढून उतरणारा आलेख. समुद्र वेगाने वर येतोय, तेव्हा नदीचा गाळही पुरा पडत नाही. विरोधकांनी हा उतार बरोबर हेरला. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती जिची बातमी फारशी झाली नाही. २०७० मध्ये खोऱ्यात जेवढी पाणथळ जमीन उरेल, तिचा सुमारे पाचवा हिस्सा म्हणजे हे ५४ चौरस किलोमीटर. गमावलेल्या अकराशेशी तुलना केली तर ते काहीच नाहीत. त्या वेळी उरणाऱ्या जमिनीशी केली तर पाचातला एक. आकडा एकच, भागाकार कशाने करायचा एवढाच प्रश्न.

माझं मत विचाराल तर दुसरा भागाकार बरोबर. पहिला भूतकाळाशी आहे, आणि भूतकाळ कुठलाच प्रकल्प परत देणार नव्हता.

जुना डंख

लोकांच्या मनात मॉडेल नव्हतं, कर्नार्व्हन होतं. नदीच्या पूर्वेला, न्यू ऑर्लिन्सच्या खाली, १९९१ पासून तिथे आठ हजार क्युसेकपर्यंत गोडं पाणी सोडण्याची सोय आहे. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ आलं आणि त्याच पाण्याच्या परिसरातली गोड्या पाण्याची दलदल चादरीसारखी गुंडाळून नेली. खारट दलदलीची मुळं घट्ट आणि खोल, गोड्या पाण्यातली हिरवीगार पण वरवरची. नदीच्या पाण्यातल्या नायट्रेटने झाडांना आयतं खायला मिळालं म्हणून त्यांनी मुळं पसरली नाहीत आणि जमीन भुसभुशीत झाली, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं. इतरांना ते मान्य नाही. वाद अजून मिटलेला नाही.

पण कर्नार्व्हनचा मूळ हेतू खारटपणा आटोक्यात ठेवणं हा होता. पाणी वरच्या थरातून घ्यायचं, त्यात वाळू जेमतेम. त्यावरून मिड-बाराटारियाचा निकाल लावणं म्हणजे ताकावरून दुधाची परीक्षा. उलट दाखला हवा तर वॅक्स लेकचा आहे. मॉर्गन सिटीचा पूर कमी करायला १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अच्चाफलाया नदीतून एक कालवा खणला गेला. जमीन तयार करावी असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. १९७३च्या पुरानंतर त्याच्या मुखाशी बेटं पाण्याबाहेर आली आणि आजही वाढताहेत. नासाच्या ‘डेल्टा-एक्स’ मोहिमेने २०२१ मध्ये विमानांतून रडार आणि वर्णपटमापक फिरवले ते मुद्दाम या वाढत्या अच्चाफलाया खोऱ्यावर आणि शेजारच्याच बुडत्या टेरबोन खोऱ्यावर. हवामान तेच, समुद्र तोच. एकाला नदी आहे, दुसऱ्याला नाही.

पाणी गोडं होणं कुणाला परवडतं

जमिनीच्या हिशोबात प्रकल्प जमेत होता. पाण्याच्या हिशोबात नव्हता, आणि अहवालाने ते लपवलंही नव्हतं.

बांधांनी गोडं पाणी अडवल्यावर खोरं दशकागणिक खारावत गेलं. कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती करणारे त्या खारटपणाच्या मागोमाग आत सरकले. त्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी हेच बाराटारिया पाहिलं आहे. त्यांना ‘मूळची स्थिती पुन्हा आणतोय’ असं सांगणं म्हणजे ज्या वाड्यात तुम्ही जन्मलात तो मुळात आमच्या पणजोबांचा होता असं सांगण्यासारखं. वसंतात पाणी गोडं झालं तर कालवं मरतात, तपकिरी कोळंबीची पिल्लं वाढत नाहीत. अहवालाने दोन्ही नुकसानं मोठी असतील असं म्हटलं होतं. बांधाबाहेरच्या काही वस्त्यांत पाण्याची पातळी वाढेल हेही त्यात होतं. भरपाई आणि उपायांसाठी पस्तीस कोटींहून जास्त डॉलर राखून ठेवले होते. पण बोट विकून मिळालेल्या पैशात दुसरी बोट येते, दुसरं खोरं येत नाही.

२०१९ ची जखमही ताजी होती. न्यू ऑर्लिन्सला वाचवायला बॉनेट कॅरी सांडवा त्या वर्षी दोनदा उघडावा लागला, एकूण १२३ दिवस. शेजारच्या मिसिसिपी साउंडमधली कालवं जवळपास नामशेष झाली. सांडवा आणि गाळ-वळवण या वेगळ्या गोष्टी आहेत हे कोळ्याला समजावता येईल, पण मेलेल्या शिंपल्यांचा ढीग त्याने पाहिलेला असतो.

आणि डॉल्फिन. बाराटारियात सुमारे दोन हजार बाटलीनाक डॉल्फिन राहतात. ते आपलं पाणी सोडून जात नाहीत. पाणी फार काळ गोडं राहिलं की त्यांच्या कातडीवर जखमा होतात आणि प्राणी दगावतात. २०१० च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीत हेच डॉल्फिन आधीच आजारी पडले होते, फुप्फुसांचे विकार आणि गर्भपात नोंदले गेले होते. या तेलगळतीच्या भरपाईचा पैसाच तर प्रकल्पाला मिळणार होता. तेलाने ज्यांना अर्धमेलं केलं, त्यांच्या नावाने आलेल्या पैशातून त्यांच्यावर गोडं पाणी. २०१८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सागरी सस्तन प्राणी कायद्यातून या प्रकल्पाला सूटही देऊन टाकली होती. ती बारीक पाच हजार क्युसेकची धार इथे बोचते: झाडांना ती हवी, डॉल्फिनना नको. मॉडेलमध्ये ती वळवता येणारी कळ होती, पण कळ कोणत्या बाजूला फिरवायची हे ठरवणं मॉडेलचं काम नव्हतं.

मोडतोड

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २०२२ मध्ये आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने, परवाना दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांच्या काळात काम सुरू झालं. प्लॅकमिन्स पॅरिश या स्थानिक प्रशासनाने काम थांबवण्याची नोटीस दिली, प्रकरण न्यायालयात गेलं. जानेवारी २०२४ मध्ये जेफ लँड्री गव्हर्नर झाले आणि खर्च व मासेमारी संस्कृतीवरच्या आघाताचं कारण देत त्यांनी प्रकल्पाला उघड विरोध केला. एप्रिल २०२५ मध्ये कोअरने परवाना स्थगित केला. आधीच्या प्रशासनाने जमीन कमी मिळेल असं दाखवणारा मॉडेलचा निष्कर्ष दडवला, हा नव्या प्रशासनाचा आरोप. आधीच्या मंडळींना तो मान्य नाही. तीन महिन्यांत प्रकल्प संपला. राज्य आता मिर्टल ग्रोव्ह इथल्या बऱ्याच लहान वळवणीची आणि नदीतली वाळू पाइपने टाकून दलदल भरण्याची भाषा बोलतं.

वाळू पाइपने टाकणं वाईट नाही. जमीन लगेच दिसते, खारटपणा बदलत नाही, कुणाचं पोट मारलं जात नाही. पण अशी जमीन टाकल्या दिवसापासून खचायला लागते आणि तिला वर उचलणारा नवा गाळ येत नाही. पुन्हा भरा, पुन्हा खर्च करा.

मॉडेल पुन्हा चालवल्यावर आकडा बदलला यात मला स्वतःला काहीच धक्कादायक वाटत नाही. आराखडा बदलतो, नदीच्या तळाची नवी मापं येतात, खचण्याचा दर सुधारतो, तर उत्तर बदलायलाच हवं. चूक वेगळीकडे झाली. ५४ हा आकडा पहिल्यापासून एकटा फिरवला गेला, त्याच्या आजूबाजूच्या शक्यतांचा पट्टा अहवालाच्या पोटात राहिला. एकच आकडा वचन म्हणून दिला की दुसरा आकडा आपोआप फसवणूक ठरतो.

नदीने न विचारता केलेला प्रयोग

दरम्यान, चाळीसेक किलोमीटर खाली, ब्यूरस गावासमोरच्या पूर्व तीरावर बांध नाहीत तिथे, २०१९ च्या लांबलेल्या पुराने एक जुनी अरुंद वाट रुंद करायला घेतली. नेपच्यून पास. २०२२ पर्यंत तिच्यातून लाखाहून जास्त क्युसेक पाणी बाहेर पडू लागलं होतं, म्हणजे मिड-बाराटारियाच्या कमाल क्षमतेपेक्षा जास्त. ना आघात अहवाल, ना परवाना. जहाजांच्या वाटेला धोका म्हणून कोअरने तिचं तोंड दगडांनी आवळायचं ठरवलं, पण तोवर पलीकडच्या क्वारंटाइन उपसागरात गाळाचे पट्टे वर येऊ लागले होते. शास्त्रज्ञांसाठी ही पर्वणी. ज्या गोष्टी डेल्फ्टच्या जाळ्यात गृहीत धरल्या होत्या, किती गाळ अडकतो, किती पुढे निसटतो, त्या आता होडीतून मोजता येतात.

बाराटारियात मात्र आता फक्त एकच रकाना उरला आहे. ‘प्रकल्पासह’च्या बाजूला काय झालं असतं हे कधीच कळणार नाही. ‘नाहीतर’ म्हणून जे लिहिलं होतं ते आता खोऱ्याचं खरं आयुष्य आहे, आणि त्याची मोजणी थांबलेली नाही. वर्षातून दोनदा होडी निघते, नायट्रोजनचं पिंप बांधून, फळ्यांवर गुडघे टेकून कुणीतरी त्याच सळीवर तोच हात बसवतं, नऊ काड्या खाली सोडतं आणि मिलिमीटर लिहून घेतं. २०३० चा आकडा मॉडेलने आधीच दिलेला आहे. काड्यांचा अजून यायचा आहे.